‘लिंक उघडंना!’ : ऑनलाइन दुकानाचं ४०४ पान कसं असावं

प्रश्न थोडक्यात असा आहे : पैठणला पैठणी आणि हिमरू शालींचं घरचं दुकान. वर्डप्रेस आणि त्याला दुकानाची सोय जोडणाऱ्या वूकॉमर्सवर केलेली साइट, बहुतेक गिऱ्हाईक व्हॉट्सॲपवरच्या लिंकवरून येतं. जुन्या लिंकवर दाबलं की पांढऱ्या पानावर इंग्रजीत दोन ओळी दिसतात आणि लोक फोन करून विचारतात, ‘दादा, दुकान बंद केलं का? लिंकच उघडंना.’ चांगलं ४०४ पान, म्हणजे मागितलेला पत्ता सापडला नाही की दिसणारं पान, कसं करायचं, की सरळ सगळं होमपेजवर वळवून टाकायचं?

होमपेजवर वळवू नका. हा सल्ला तुम्हाला दहा जण देतील, कारण एका प्लगइनमध्ये (वर्डप्रेसला जोडायच्या छोट्या प्रोग्राममध्ये) एक टिक मारली की काम होतं. पण गिऱ्हाईकाच्या बाजूनं बघा. तिच्या बहिणीनं बांगडी मोराच्या पदराची, गर्द जांभळ्या रंगाची पैठणी पाठवली होती. लिंक दाबली तर समोर दिवाळी ऑफरचं बॅनर. तिला वाटतं आपलं बोट चुकलं. परत मागं जाते, परत दाबते, परत बॅनर. ती साडी गेली की आहे, हे तिला कुणी सांगतच नाही. गुलमंडीवरच्या कापड दुकानात असं कुणी वागत नाही. मागितलेला नग नसला तर दुकानदार आधी ‘तो गेला’ म्हणतो, मग त्याच काठाचे चार नग गादीवर टाकतो. आणि गूगललाही हा प्रकार पसंत नाही. नसलेल्या पानांवरून सगळ्यांना होमपेजवर आणलं की गूगल त्या पत्त्यांना ‘सॉफ्ट ४०४’, उघडतं पण खरं तर नसलेलं पान, असं धरतं. म्हणजे तुमची हातचलाखी त्याला कळते, फायदा शून्य.

४०४ म्हणजे नेमकं काय, ते एकदा नीट समजून घ्या, पुढचं सगळं सोपं जाईल. ब्राउझरनं एखादा पत्ता मागितला की सर्व्हर पानासोबत एक आकडा पाठवतो. तो गिऱ्हाईकाला दिसत नाही. २०० म्हणजे ‘घ्या, हे तुमचं पान’. ३०१ म्हणजे ‘कायमचं तिकडं हलवलंय’. ३०२ म्हणजे ‘सध्यापुरतं तिकडं जा’. ४०४ म्हणजे ‘असं काही माझ्याकडं नाही’. ४१० म्हणजे ‘होतं, पण आता कायमचं काढलंय’. या शेवटच्या दोघांत गूगलच्या लेखी फारसा फरक नाही, त्यामुळं ४१० च्या मागं लागू नका. तुमच्या पानावर काय मजकूर आहे हा भाग वेगळा, आणि सर्व्हर पाठीमागून कुठला आकडा सांगतोय हा भाग वेगळा. पान कितीही देखणं करा, आकडा ४०४ च राहिला पाहिजे.

इथंच बरेच जण घसरतात. वर्डप्रेसमध्ये ‘पान सापडलं नाही’ नावाचं एक साधं पेज बनवतात आणि सगळ्या हरवलेल्या पत्त्यांना तिकडं पाठवतात. ते पेज तर खरोखर अस्तित्वात आहे, म्हणून सर्व्हर २०० सांगतो. गूगलला वाटतं तुमच्याकडं शेकडो पत्त्यांवर एकच पान आहे. अपाचे सर्व्हरवर हाताने साइट केलेल्यांची याच जातीची दुसरी चूक असते : त्रुटीपानाचा पत्ता देताना डोमेनसकट अख्खा पत्ता लिहितात. तसं लिहिलं की अपाचे ४०४ न सांगता ब्राउझरला दुसरीकडं वळवतो. डोमेन गाळून, तिरक्या रेघेपासून सुरू होणारा पत्ता द्यायचा.

तपासायला दोन मिनिटं लागतात. संगणकावर क्रोम उघडा, एफ-१२ दाबा, वर ‘नेटवर्क’ नावाचा भाग निवडा, आणि तुमच्या डोमेनपुढं काहीतरी निरर्थक अक्षरं लिहून एंटर मारा. सगळ्यात वरच्या ओळीत ‘स्टेटस’खाली ४०४ दिसलं पाहिजे. २०० दिसलं किंवा आधी ३०१, ३०२ दिसलं तर सजावट बाजूला ठेवा, आधी हे दुरुस्त करा.

आता माझं खरं म्हणणं. तुम्ही पानाच्या डिझाइनबद्दल विचारलंय, पण जे लोक त्या पानावर येऊन आदळतात त्यातले निम्म्याहून अधिक आपणच तिथं ढकललेले असतात, असं मी तरी जवळपास प्रत्येक दुकानात पाहिलंय. ४०४ पान करायच्या आधी तिथं येणारी वाट अरुंद करा.

यात मी स्वतः शहाणा होतो असं नाही. २०२३ मध्ये औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं तेव्हा एका हिमरूवाल्यानं मला सांगितलं, ‘साइटवर सगळीकडं नवीन नाव टाका.’ मी उत्साहानं मजकूर तर बदललाच, पण ‘औरंगाबाद हिमरू’ या विभागाचा पत्तासुद्धा बदलून टाकला. वर्डप्रेस एखाद्या उत्पादनाचा किंवा लेखाचा पत्ता बदलला की जुना लक्षात ठेवतं आणि येणाऱ्याला आपोआप नव्या पत्त्यावर नेतं. मला वाटलं विभागाचंही तसंच असेल. नसतं. विभागाचा पत्ता बदलला की जुना पत्ता मेला. आणि गेली कित्येक वर्षं लोकांनी एकमेकांना पाठवलेली लिंक नेमकी तीच होती. आठ-दहा दिवसांनी मालकाचा फोन आला तेव्हा कळलं. ३०१ लावून अर्ध्या तासात निस्तरलं, पण ते दिवस लग्नसराईचे होते. शहराचं नाव बदललं तरी लोक शोधताना बऱ्याचदा जुनंच नाव लिहितात, आणि ‘औरंगाबादी हिमरू’ हे त्या कापडाचं नाव म्हणूनच रुळलेलं आहे. दोन्ही नावं मजकुरात राहू द्या. धाराशिवच्या दुकानदारांनाही हेच लागू. पत्ता मात्र शक्यतो हलवूच नका, आणि हलवलाच तर त्याच दिवशी ३०१.

३०१ लावतानाही एक पथ्य. जुन्याहून नव्याला, पुढच्या वर्षी नव्याहून आणखी नव्याला, अशा साखळ्या करू नका. आपल्याकडं तुघलकानं १३२७ मध्ये राजधानी दिल्लीहून दौलताबादला आणली आणि पुढं परत दिल्लीला नेली, तसं कुणी साइटचं केलं की ब्राउझर दोन पत्त्यांमध्ये हेलपाटे घालत बसतो आणि शेवटी हात वर करतो. गूगलचा बॉटही (आपोआप पानं चाळणारा प्रोग्राम) साधारण दहा उड्यांपर्यंतच पाठलाग करतो. प्रत्येक जुना पत्ता थेट शेवटच्या ठिकाणी नेऊन सोडा. आणि वळवणी किमान वर्षभर तरी काढू नका, असं गूगलच सांगतं. मी तर म्हणतो कधीच काढू नका. व्हॉट्सॲपच्या ग्रुपमधली लिंक चार वर्षांनीही कुणीतरी उकरून काढतं.

पैठणीवाल्यांची एक खास अडचण आहे, ती मोबाइलची कव्हरं विकणाऱ्याला कळणार नाही. तुमचा प्रत्येक नग एकुलता एक असतो. मागावर आठवडे, कधी महिने लागतात, मग एक साडी तयार होते, विकली जाते आणि तिचं पान तुम्ही कचऱ्यात टाकता. म्हणजे धंदा जितका चांगला, तितकी ४०४ जास्त! विकलेलं उत्पादन काढू नका. ‘स्टॉक संपला’ करा. वूकॉमर्सच्या सेटिंगमध्ये, उत्पादनांच्या साठ्याच्या भागात, संपलेला माल यादीतून लपवण्याची सोय आहे. ती चालू केली की नवीन गिऱ्हाईकाला यादीत विकलेल्या साड्या दिसत नाहीत, पण कुणाकडं थेट लिंक असेल तर पान उघडतं. त्या पानावर ठळक लिहा : ‘ही साडी विकली गेली. असाच पदर दुसऱ्या रंगात हवा असेल तर विणून मिळेल.’ खाली त्याच वाणाच्या चार साड्या दाखवा. आसावलीवाल्याला आसावली, मुनियावाल्याला मुनिया. मला विचाराल तर हे विकलेल्या साडीचं पान तुमच्या ४०४ पानापेक्षा जास्त ऑर्डरी आणेल, त्यामुळं मेहनत आधी इथं घाला.

हंगामी मालाचं थोडं वेगळं. तुमच्याकडं नाही, पण वाचणाऱ्यांत असतील म्हणून सांगतो. केसर आंबा विकणारे माझ्या ओळखीचे एक जण जून संपला की पान काढायचे आणि पुढच्या एप्रिलमध्ये नवीन पान, नवीन पत्ता करायचे. पत्त्यात सालसुद्धा लिहायचे. आता एकच कायमचं पान आहे. हंगाम नसताना तिथं ‘पुढचा बहार आला की कळवतो, नंबर देऊन ठेवा’ एवढंच असतं. सीताफळ, मोसंबी, सगळ्यांना हेच चालतं.

मराठीत पत्ते ठेवणाऱ्यांसाठी एक सावधगिरी. देवनागरी अक्षर पत्त्यात गेलं की त्याचं टक्क्याच्या चिन्हांसकट नऊ चिन्हांचं लांबडं होतं. ‘पैठणी’ या शब्दात काना-मात्रा धरून पाच खुणा आहेत, म्हणजे पंचेचाळीस चिन्हं. वर्डप्रेस उत्पादनाच्या पत्त्याला २०० चिन्हांची मर्यादा घालतं, म्हणजे साधारण बावीस खुणा झाल्या की बाकीचं नाव छाटलं जातं. शिवाय अशी भली मोठी लिंक एसेमेसमध्ये किंवा कॉपी करताना मध्येच तुटते. साइटवरचा मजकूर सगळा मराठीत ठेवा, पत्ता मात्र छोटा रोमन अक्षरांत ठेवा. मराठीचा अभिमान पत्त्याच्या पट्टीत दाखवायला गेलं की भुर्दंड आपल्यालाच. हे वाक्य काहींना आवडणार नाही, माहीत आहे.

आणखी एक प्रकार, जो बघून लोक घाबरून रात्री अकराला फोन करतात : होस्टिंग बदललं, होमपेज नीट उघडतंय, पण आतलं प्रत्येक पान ४०४. बहुतेक वेळा काहीही हरवलेलं नसतं. वर्डप्रेसच्या सेटिंगमध्ये ‘पर्मालिंक्स’मध्ये जा, काहीही न बदलता ‘सेव्ह’ दाबा. पत्त्यांचे नियम नव्यानं लिहिले जातात आणि दुकान परत उभं राहतं. नाहीच राहिलं तर मग होस्टिंगवाल्याला गाठा.

आता ते पान.

तिथं येणाऱ्या माणसाच्या मनात काय असतं? डिझाइनर लोक रडका चेहरा, तुटलेला रोबो, अंतराळवीर असलं काहीतरी टाकतात. आपल्या गिऱ्हाईकानं मात्र बऱ्याचदा यूपीआयनं आगाऊ पैसे भरलेले असतात, ऑर्डरच्या मेसेजमधली लिंक दाबलेली असते आणि समोर कोरं पान असतं. त्याच्या डोक्यात एकच विचार येतो : फसलो. त्याच्यासमोर विनोद करू नका. पहिल्या दोन ओळींत त्याचा जीव भांड्यात पडला पाहिजे. मी साधारण असा मजकूर देतो, हवा तसा बदलून घ्या :

‘हे पान आता इथं नाही. लिंक जुनी असेल किंवा अर्धवट आली असेल. दुकान मात्र चालू आहे. तुम्ही ऑर्डर दिली असेल तर ऑर्डर क्रमांक या नंबरवर पाठवा, आम्ही माल कुठं आहे ते सांगतो. साडी शोधत असाल तर तिचा फोटो पाठवा.’

‘तुम्ही चुकीचा पत्ता टाकला’ असं कधीही लिहू नका. त्यानं काही टाकलेलं नसतं, दिलेल्या लिंकवर बोट ठेवलेलं असतं. ‘४०४’ हा आकडा कोपऱ्यात बारीक असला तरी चालेल, फोनवर सांगायला उपयोगी पडतो. ‘त्रुटी’ हा शब्दही मी टाळतो, लोकांना तो बँकेचा मेसेज वाटतो.

व्हॉट्सॲपचं बटण या पानावरची सगळ्यात कामाची वस्तू. नुसता नंबर देऊ नका, दाबल्याबरोबर आधीच लिहिलेला मेसेज तयार असलेली लिंक द्या. त्या लिंकमध्ये नंबर ९१ पासून सुरू करायचा, आधी अधिकचं चिन्ह नको, शून्य नको. मेसेजमध्ये ‘ही लिंक उघडली नाही’ आणि पुढं तो हरवलेला पत्ता आपोआप यावा. दोन ओळींच्या कोडचं काम आहे, तुमची साइट बघणारा करून देईल. त्यातून तुम्हाला गिऱ्हाईकही मिळतं आणि कुठली लिंक मेलीय तेही कळतं. फोटो मागण्याचं कारण असं की साडीच्या नावापेक्षा साडीचा फोटो लोकांकडं हमखास असतो.

शोधाची पट्टी द्या, पण तिच्यावर भिस्त ठेवू नका. वूकॉमर्सचा मूळचा शोध अक्षराला अक्षर जुळवतो. ‘हिमरू’ कुणी मराठीत लिहितं, कुणी रोमनमध्ये, त्यातही शेवटी एक यू की दोन ओ यावर एकमत नाही. एक अक्षर इकडचं तिकडं झालं की ‘काहीही सापडलं नाही’. आधी पान नाही, मग शोधलं तर तेही नाही! दोनदा नकार मिळालेलं गिऱ्हाईक तिसऱ्यांदा थांबत नाही. म्हणून प्रत्येक उत्पादनाच्या वर्णनात प्रचलित स्पेलिंगं घालून ठेवा, आणि पट्टीच्या खाली चार-पाचच विभाग फोटोसह द्या : पैठणी, हिमरू शाल, दुपट्टे, तयार ब्लाउज, असं जे काही असेल ते. सगळा मेनू ओतू नका. किमतीचे दोन-तीन टप्पे दिले तर अजून बरं, लग्नाच्या बस्त्याला निघालेली माणसं बजेट धरूनच येतात.

पाच सेकंदांनी आपोआप दुसरीकडं नेणारी पानं करू नका. वाचून होण्याआधी पान पळतं, आणि वयस्कर माणसाला वाटतं फोन बिघडला.

पान हलकं ठेवा. हे मी दोन कारणांनी सांगतो. पाटोदा किंवा कळंबच्या एखाद्या वाडीवर रेंज एक काडी असते, तिथं मोठा स्लायडर उतरणारच नाही. दुसरं कारण लोकांना माहीत नसतं : तुमच्या ४०४ पानावर माणसांपेक्षा बॉटची वर्दळ जास्त असते. रात्रंदिवस ते कुठल्या कुठल्या फायली आहेत का ते चाचपून बघत असतात, तुमच्याकडं नसलेल्या प्लगइनच्या, नसलेल्या बॅकअपच्या. प्रत्येक वेळी तुमचं पान डेटाबेसमधून वीस साड्या खेचून आणत असेल तर स्वस्तातल्या होस्टिंगची दमछाक होते आणि खरं गिऱ्हाईक रखडतं. चार विभागांचे फोटो आणि नावं त्या पानात कायमची लिहून ठेवा. हरवलेल्या फोटोंच्या आणि फायलींच्या मागणीला तर सर्व्हरनं कोरडं, साधं ४०४ द्यावं, अख्खं वर्डप्रेस जागं करायची गरज नाही. होस्टिंगवाल्याला सांगितलं तर करून देतात.

करायचं कुठं? जुन्या पद्धतीची थीम (साइटचं रूप ठरवणारा संच) असेल तर तिच्यात ४०४ नावाची पीएचपी फाइल असते. तिची प्रत चाइल्ड थीममध्ये (मूळ थीमला जोडलेल्या, फक्त आपले बदल ठेवणाऱ्या थीममध्ये) घेऊन तिथं बदला, नाहीतर थीम अपडेट झाली की मेहनत वाहून जाईल. ब्लॉक थीम (तुकडे जोडून घडवायची नव्या पद्धतीची थीम) असेल तर ‘दिसणं’ या मेनूतल्या साइट एडिटरमध्ये टेम्प्लेटच्या यादीत ४०४ चा साचा मिळतो, कोड न लिहिता काम होतं. शॉपिफाय या दुसऱ्या सेवेवर दुकान असलेल्यांना थीम एडिटरमध्ये ४०४ चा साचा मिळतो. तिथं उत्पादनाचा पत्ता बदलताना वळवणी तयार करायची का असं विचारणारी छोटी टिक येते, ती काढू नका. शॉपिफायवर चालू असलेल्या पानावरून वळवता येत नाही, आधी ते पान गेलेलं असावं लागतं, हेही लक्षात असू द्या.

हाताने केलेल्या पानात एक चूक हमखास सापडते. ४०४ पान कुठल्याही पत्त्यावर उमटतं, दोन पायऱ्या आतल्या पत्त्यावरही. त्यात फोटो आणि स्टाइलच्या फायलींचे पत्ते अर्धे लिहिले असतील तर ते त्या आतल्या ठिकाणाहून शोधले जातात आणि सापडत नाहीत. मग होमपेजशेजारी तपासताना पान झकास दिसतं, खऱ्या गिऱ्हाईकाला मात्र उघडंबोडकं. सगळे पत्ते तिरक्या रेघेपासून सुरू करा, आणि तपासताना मुद्दाम तीन पायऱ्या आतला खोटा पत्ता टाका.

पान लागल्यावर पहिला महिनाभर दर सोमवारी दहा मिनिटं द्या. गूगल सर्च कन्सोलमध्ये (साइटमालकांसाठीचं गूगलचं साधन) ‘पेजेस’च्या अहवालात न सापडलेल्या पत्त्यांची यादी असते. ‘रिडायरेक्शन’ नावाच्या फुकट प्लगइनमध्येही नोंद होते. यादी लांबलचक बघून हबकू नका. काही पत्ते सापडत नाहीत म्हणून गूगल तुमची बाकीची साइट खाली ढकलत नाही, ४०४ असणं हे चालत्या साइटचं लक्षणच आहे. बॉटनं चाचपलेले पत्ते सोडून द्या. जे पत्ते पूर्वी खरे होते आणि परत परत मागितले जातात, तेवढ्यांना सगळ्यात जवळच्या पानावर वळवा : साडीला साडी, नाहीतर तिचा विभाग. लिंकच्या शेवटी पूर्णविराम किंवा कंस चिकटलेला दिसला तर समजा तुमच्याच मेसेजमध्ये वाक्य लिंकवर संपवलंय. लिंक नेहमी स्वतंत्र ओळीवर टाका.

वर्डप्रेसची एक खोडही या यादीत दिसेल. पत्ता अर्धवट आला की ते जवळचं नाव धरून अंदाजानं दुसरीकडं नेतं. कधी बरोबर नेतं, कधी तीन हजारांच्या दुपट्ट्याच्या जागी तीस हजारांची साडी दाखवतं. सगळ्या साड्यांची नावं ‘पैठणी’ शब्दानंच सुरू होत असतील तर हे जास्त होतं. पत्त्यात वाण आणि रंग आधी घ्या, ‘पैठणी’ शेवटी.

फेसबुकवर पैसे देऊन जाहिरात चालवत असाल तर साडी विकली गेल्या दिवशीच जाहिरातीची लिंक बदला. पैसे मोजून गिऱ्हाईकाला ‘विकली गेली’ दाखवण्यात काय हशील.

खोक्यांवर आणि पिशव्यांवर क्यूआर छापणार असाल तर त्यात एखाद्या साडीची लिंक घालू नका. त्यासाठी एक छोटा वेगळा पत्ता ठेवा आणि तिथून आज जिथं न्यायचं तिथं ३०२ नं वळवा. उद्या ठिकाण बदललं तरी छापलेलं बदलावं लागत नाही. आणि छापखान्यात फाइल देण्याआधी तो क्यूआर घरचं वायफाय बंद करून, दुसऱ्या कुणाच्या तरी साध्या फोनवर स्कॅन करून बघा.